एसी रोज किती चालतो? मुंबईच्या घरात बसून नीट मोजायचं कसं

मे महिन्याचं लाइटबिल आलं की आमच्या सोसायटीत लिफ्टपाशी एकच वाक्य ऐकू येतं, "आम्ही तर एसी फक्त दोन तास लावतो हो." मी मुलुंडला राहतो, गेल्या दोन उन्हाळ्यांत आमच्या विंगमधल्या सहा घरांत (सगळ्यांना नीट विचारून) एसीचा वापर मोजला, त्यातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहितोय कारण हे कोणालाही घरी करता येतं, खर्च थोडा आहे, फक्त चिकाटी लागते.

आधी समोरच्या काकूंची गोष्ट सांगतो. त्या रात्री अकराला दोन तासांचा टायमर लावून झोपतात, आणि विचारलं की मनापासून सांगतात, दोन तास. आम्ही त्यांच्या बेडरूममध्ये छोटा टेम्परेचर सेन्सर लावला. सकाळी मोबाईलवर ग्राफ उघडला तर त्यात तीन खड्डे. ११ ते १, मग २:२० ते ४:२०, मग ५ ते साडेसहा. एकूण साडेपाच तास. काकू बराच वेळ ग्राफकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "अरे हो, घामाने जाग येते, उशीखालचा रिमोट दाबते, पण सकाळी ते आठवतच नाही रे." खोटं कोणीच बोलत नव्हतं. झोपेत केलेलं काम माणसाच्या लक्षात राहत नाही एवढंच. म्हणून तोंडी उत्तर ही सुरुवात धरायची, मोजमाप नाही.

सगळ्यात आधी: नक्की काय मोजायचंय ते ठरवा

"एसी किती चालतो" या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. एक, एसी किती तास चालू होता, म्हणजे ऑन केल्यापासून ऑफ करेपर्यंत. दोन, त्यातला किती वेळ कॉम्प्रेसर खरंच चालत होता, कारण साध्या म्हणजे नॉन-इन्व्हर्टर एसीत खोली गार झाली की कॉम्प्रेसर कट होतो आणि नुसता पंखा फिरतो, वीज जवळपास सगळी कॉम्प्रेसरच खातो. तीन, युनिट किती गेले. आणि चौथा, जो मुंबईत सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे, तो म्हणजे किती माणसांनी तो गारवा वापरला. वन बीएचकेत उन्हाळ्यात आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळे गाद्या टाकून एका बेडरूममध्ये झोपतात, तिथे आठ तासांचा एसी आणि एकटा माणूस झोपतो तिथला आठ तासांचा एसी हे सारखे कसे?

चारही मोजा. जमलं नाही तर पहिला आणि चौथा तरी मोजाच.

मशीनची नोंद

वहीच्या पहिल्या पानावर एसीची माहिती लिहा: किती टनाचा, इन्व्हर्टर की साधा, किती स्टार, कुठल्या वर्षी घेतला, खोली केवढी, खिडकी कुठल्या दिशेला, वरती गच्ची आहे का. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), साधारण ३.५ किलोवॅट गारवा, ती वीज नव्हे. वीज किती खातो तो आकडा स्टिकरवर इनपुट पॉवर म्हणून वेगळा असतो. माझ्या घरचा दीड टनाचा जुना साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण १६०० वॅट घेतो.

बीईईच्या (ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, वीजबचतीचं सरकारी खातं) स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते बघून बरेच जण गणित करतात. तो आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. १६०० तास म्हणजे रोज ८ तास धरले तर २०० रात्री. तुमच्याकडे मार्च ते जून आणि परत ऑक्टोबर एवढाच लागत असेल तर तुम्ही त्याच्या खाली असाल, आणि तान्हं बाळ किंवा घरून काम करणारं कोणी असेल तर सहज वर जाल, म्हणजे लेबलचा आकडा दोन मशीनची तुलना करायला उत्तम पण तुमच्या घराचा वापर तो सांगत नाही.

मोजायला सुरुवात करायच्या आधी फिल्टर धुऊन घ्या. नाहीतर तुम्ही धूळ मोजाल.

रात्रीचं आणि सकाळचं रीडिंग

ही फुकटातली पद्धत, आणि अजूनही माझी आवडती. झोपायच्या आधी एसी लावताना मीटरचं रीडिंग घ्या, सकाळी एसी बंद केल्यावर लगेच परत घ्या, गीझर लावायच्या आधी. शहरात बेस्टचा मीटर असो, उपनगरात अदानी किंवा टाटा पॉवरचा, किंवा आमच्यासारखा महावितरणचा, डिस्प्लेवर आकडे आळीपाळीने बदलत राहतात, तारीख येते, व्होल्टेज येतं, त्यातला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) असं ज्याच्याजवळ दिसतं तो आकडा आपला. मोबाईलने फोटो काढा म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते आणि झोपेत चुकीचं लिहिण्याचा प्रश्न उरत नाही. मीटर खाली मीटर रूममध्ये असेल तर रोज दोनदा जिने उतरायला लागतात, ते मान्य आहे, पण दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे. स्मार्ट मीटर बसला असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये तासागणिक वापर दिसतो का ते आधी बघा, दिसत असेल तर जिने वाचले.

काही मीटर पूर्ण युनिटच दाखवतात, दशांश नाही. अशा वेळी एका रात्रीच्या आकड्यात एक युनिट इकडे तिकडे होऊ शकतो, सहा-आठ युनिटच्या हिशोबात ही चूक मोठी आहे. तिथे एकेका रात्रीवरून काही ठरवू नका, सात रात्रींची बेरीज करून सातने भागा.

आता खरी मेख. मीटर अख्ख्या घराचा आहे, त्यातून फ्रिज-पंखे वजा करायला लागतात. त्यासाठी तीन-चार रात्री एसी न लावता तेच रीडिंग घ्यायचं (जानेवारीत घेऊ नका, फ्रिज तेव्हा कमी चालतो, जून-जुलैत पाऊस सुरू झाल्यावर घ्या). आमच्याकडे एसीशिवायच्या रात्री आठ तासांत २.३ युनिट जात होते आणि मी आठवडाभर तेच वजा करत बसलो. मग लक्षात आलं की ते चूक आहे. एसी नसताना आमच्याकडे तीन पंखे चालतात, हॉलचा, दोन्ही खोल्यांचे. एसी लावला की सगळे एका खोलीत येतात, दोन पंखे बंद होतात. म्हणजे एसीच्या रात्रीचा बाकीचा खर्च फ्रिज अर्धा युनिट आणि एक पंखा साधारण ०.६, एकूण १.१ एवढाच. ज्या घरात एसीपायी माणसं खोल्या बदलतात त्या घरात हे तपासल्याशिवाय वजाबाकी करू नका.

एका रात्रीचं उदाहरण देतो. पावणेअकराला ६४१२.३, सकाळी पावणेसातला ६४२२.४. फरक १०.१. त्यातून १.१ गेले, एसीचे उरले ९ युनिट.

मीटरचा लाल दिवा

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती पल्स (म्हणजे उघडझापी) ते छापलेलं असतं, कुठे ३२००, कुठे १६००, कुठे आणखी काही. घरातलं बाकी सगळं होईल तेवढं बंद करा, एसी लावा, कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर स्टॉपवॉच लावून दिव्याच्या उघडझापी मोजा. मोजलेल्या पल्सना ३६,००,००० ने गुणा, मग मीटरवरच्या आकड्याने भागा, मग लागलेल्या सेकंदांनी भागा, आले वॅट. ३२०० चा मीटर आहे आणि १० पल्स १० सेकंदात झाले तर ११२५ वॅट. एसी बंद ठेवून एकदा आणि चालू करून एकदा मोजा, फरक तो एसीचा. एकाने मीटर रूममध्ये आणि दुसऱ्याने घरात फोनवर राहायचं, कॉम्प्रेसर सुरू झाला की सांगायचं. मी हे माझ्या पुतणीबरोबर केलं, ती आठवीत आहे, तिला युनिट म्हणजे काय ते त्या दिवशी खरं कळलं.

स्मार्ट प्लग आणि सब-मीटर

एसी प्लगवर असेल तर एनर्जी मोजणारा स्मार्ट प्लग लावता येतो पण तो १६ अँपियरचाच हवा, ६ किंवा १० अँपियरचा स्वस्तात मिळाला म्हणून एसीला लावू नका, तापून वितळू शकतो. मध्ये एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. बऱ्याच घरांत एसी थेट एमसीबीच्या (आपोआप ट्रिप होणाऱ्या स्विचच्या) डब्याला जोडलेला असतो, तिथे इलेक्ट्रिशियनकडून एसीच्या लाइनवर छोटा सब-मीटर बसवून घ्या, स्वतः डबा उघडू नका. क्लॅम्प मीटरही (तारेतला करंट मोजणारा चिमटा) चालतो पण तो एकाच तारेभोवती अडकवायचा असतो, अख्ख्या केबलभोवती अडकवला तर शून्य दाखवतो, आणि अँपियरला २३० व्होल्टने गुणून आलेला आकडा प्रत्यक्ष वॅटपेक्षा थोडा जास्त असतो.

इन्व्हर्टर एसी असेल तर युनिटसाठी प्लग किंवा सब-मीटर जवळजवळ सक्तीचा समजा, कारण त्याचा कॉम्प्रेसर बंद न होता हळू होतो, रात्रभर वेगवेगळी पॉवर घेत राहतो, तासांना वॅटने गुणून काही हाती लागत नाही.

टेम्परेचर सेन्सर

ब्लूटूथवाले छोटे थर्मामीटर मिळतात, तापमान आणि आर्द्रता दोन्ही साठवणारे. दोन घ्या. एक एसीच्या झडपेपाशी, थंड हवा येते तिथे, दुसरा खोलीत उशीच्या उंचीला, पण हवेच्या झोतात नाही, खिडकीशेजारी नाही, टीव्हीच्या वर नाही. पहिल्या वेळी मी सेन्सर थेट झडपेवर चिकटवला होता, त्यावर पाणी जमलं आणि पाच दिवसांचं रेकॉर्ड वाया गेलं. झडपेच्या खाली चार बोटं सोडून दोऱ्याने लटकवा, पाणी ठिबकणार नाही अशा बाजूला.

नोंद दर मिनिटाला किंवा दोन मिनिटांना ठेवा. साध्या एसीत कॉम्प्रेसर पाच-दहा मिनिटं चालतो आणि कट होतो, दहा मिनिटांनी नोंद घेतली तर ही ये-जा दिसतच नाही, ग्राफ सपाट येतो. वाचायचं कसं? नुसता पंखा असेल तर झडपेची हवा आणि खोलीची हवा जवळपास सारखी असते. कॉम्प्रेसर चालू झाला की झडपेची हवा खोलीपेक्षा आठ-दहा अंश खाली जाते. मी सहा अंशांची रेघ धरली, त्याहून जास्त फरक म्हणजे कॉम्प्रेसर चालू. तुमच्या मशीनला वेगळी रेघ लागेल, म्हणून पहिल्या दिवशी अर्धा तास जवळ बसून आउटडोअर युनिटचा आवाज ऐका आणि ग्राफशी ताडून बघा.

त्याच रात्रीचं माझ्याकडचं सांगतो: एसी ऑन आठ तास, ग्राफवर कॉम्प्रेसर साडेपाच तास. साडेपाच गुणिले १.६ म्हणजे ८.८ युनिट, उरलेल्या अडीच तासांच्या पंख्याचे ०.१, एकूण ८.९. मीटरने ९ सांगितले होते. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच ठिकाणी पोचलो, तेव्हा कुठे मला माझ्या आकड्यांवर विश्वास बसला. साध्या एसीत कॉम्प्रेसर रात्रभर एकदाही कट झाला नाही असं दिसलं तर गॅस कमी असू शकतो किंवा खोलीच्या मानाने एसी लहान असू शकतो, मेकॅनिकला दाखवा.

बादली

हे मुद्दाम लिहितोय कारण मुंबईत उन्हाळा म्हणजे नुसतं तापमान नाही, दमटपणा आहे. मे महिन्याच्या शेवटी रात्रीसुद्धा पारा २७-२८ च्या आसपास अडकून बसतो आणि हवा पाण्याने भरलेली असते, एसीची बरीच ताकद ते पाणी काढण्यातच जाते. ड्रेन पाइपखाली बादली ठेवा आणि सकाळी पाणी मोजा, लिटरचं दुधाचं माप चालतं. हवेतलं एक लिटर पाणी काढायला साधारण ०.६८ युनिट एवढी उष्णता खेचावी लागते (एसीची वीज त्यापेक्षा कमी लागते, तो उष्णता नुसती बाहेर फेकतो). दमट रात्री तासाला लिटरभर पाणी सहज जमतं. आमच्याकडे दोन रात्रींचं बाहेरचं तापमान सारखं आणि युनिट मात्र वेगळे आले होते, त्याचं उत्तर बादलीत मिळालं. ते पाणी मी कुंड्यांना घालतो.

बाहेरच्या हवेसाठी हवामान खात्याचे कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे रोज लिहून ठेवा, किमान तापमान आणि आर्द्रता दोन्ही. कुलाबा समुद्राला लागून आहे, सांताक्रूझ जरा आत, तुमच्या घराला जे जवळचं ते घ्या. मुलुंडला मी सांताक्रूझचं घेतो आणि शिवाय गॅलरीत सावलीला एक सेन्सर ठेवतो.

माणसांची नोंद

एक कोरा कागद घ्या, रात्री ८ पासून सकाळी ८ पर्यंत तासांचे रकाने पाडा, डाव्या बाजूला घरातल्या प्रत्येकाचं नाव, आणि तो कागद एसीच्या रिमोटजवळ भिंतीला चिकटवा, पेन दोऱ्याने बांधून. सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांनी आपापल्या खुणा करायच्या. पहिल्या शिफ्टला पाच वाजता निघणारा माणूस पाचपर्यंतच धरायचा. खाली चार ओळी: कितीवर सेट होता, टायमर होता का, वरचा पंखा चालू होता का, काही वेगळं घडलं का. या शेवटच्या ओळीत खरा माल असतो, पाहुणे आले, पोराला ताप होता, लाइट गेली, परीक्षा होती. सेटिंग रिमोटवर बघून लिहा, आठवून नाही. २०२० पासूनच्या स्टारवाल्या एसींना २४ हे डिफॉल्ट दिलेलं आहे म्हणून लोक सरसकट "चोवीस" सांगतात आणि रिमोटवर २० दिसतो.

दुसऱ्या घरात विचारायचं असेल तर "तुम्ही रोज किती तास लावता" हे विचारू नका. "काल रात्री कधी लावलात? कोण कोण होतं खोलीत? मध्ये कोणी उठलं का? सकाळी कोणी बंद केला?" असं कालच्या रात्रीबद्दल विचारा. माणसाला काल आठवतो, "रोज" हा अंदाज असतो.

आता हिशोब. आमच्या घरी चार जण, आठ तास, सगळे शेवटपर्यंत, म्हणजे ३२ माणूस-तास, ९ युनिट, माणशी सव्वादोन. वरच्या मजल्यावर एकटा मुलगा राहतो, एक टनाचा इन्व्हर्टर, तेवढेच आठ तास, साडेतीन युनिट. बिल बघितलं तर आम्ही उधळे आणि तो काटकसरी. माणशी बघितलं तर उलट. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून दोन्ही लिहा आणि कुठला कुठला ते स्पष्ट लिहा.

घर सोडून एखाद्या माणसाचा दिवस मोजायचा असेल तर कागद खिशात न्यायला लागतो. आमच्या विंगमधली एक मुलगी बीकेसीला नोकरी करते, घरी एसी नाही, पण नऊ तास ऑफिसचा एसी, आणि पास एसी लोकलचा आहे. (पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला धावली, तोपर्यंत प्रवासाचा हा रकाना बहुतेकांना लागलाच नसता.) तिचे एसीतले तास आमच्या आजीपेक्षा जास्त भरतात आणि घरचं बिल मात्र सगळ्यात कमी. इथे युनिट मोजता येत नाहीत, तास मोजता येतात, तेवढेच मोजा.

किती दिवस

कमीत कमी १४, म्हणजे दोन शनिवार-रविवार येतात, रविवारी दुपारचा एसी हा वेगळाच प्रकार असतो. उन्हाळ्यात एकदा, पाऊस लागल्यावर एकदा, ऑक्टोबर हीटमध्ये एकदा, जमलं तर जानेवारीत. ज्या रात्री एसी लावलाच नाही तिथे शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका, कोरी जागा म्हणजे विसरलो आणि शून्य म्हणजे लावला नाही, दोन्हीकडे कोरंच ठेवलं तर दोन महिन्यांनी वही उघडली की हा फरक ओळखता येत नाही. आणि १४ दिवसांची नुसती सरासरी काढू नका, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडून मधला आकडा बघा, कारण पाहुण्यांची एक रात्र सरासरी वर ओढते.

बिलाशी ताडताना बिलावरच्या रीडिंगच्या तारखा बघा, बिलाचा महिना एक तारखेला सुरू होत नाही. आणि दर टप्प्याटप्प्याने वाढतो, १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, त्यापुढे. एसीचे युनिट वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटने भागून एसीचा खर्च काढला तर तो कमी दिसतो. एसीचे युनिट वजा करून बिल किती आलं असतं ते काढा, दोन बिलांतला फरक हा एसीचा खर्च.

जास्त घरं घ्यायची असतील तर

ओळखीचे आणि उत्साही लोक आधी तयार होतात, पण नुसते तेच घेतले तर चित्र एकांगी येतं. वरचा मजला, मधला मजला, पश्चिमेची खिडकी, भाडेकरू, म्हातारी माणसं अशी घरं मुद्दाम शोधा. एसी नसलेलं घरही घ्या, तिथे उशीच्या उंचीचा एक सेन्सर लावा. आमच्या गच्चीखालच्या अशा एका घरात पहाटे तीनला खोलीत ३२ अंश होते, बाहेर गॅलरीत २८. त्या घरातल्या ताईंनी मला विचारलं, "आमच्याकडे एसीच नाही तर काय मोजणार?" मी त्यांना तो ग्राफ दाखवला, त्यांनी तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेला आणि गच्चीला पांढरा रंग लावायचा विषय त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

हे आकडे फार खाजगी आहेत हे विसरू नका. कोण कधी झोपतं, कोण कधी उठतं, घर कधी रिकामं असतं, सगळं त्यात दिसतं. घरांना नावं न देता नंबर द्या, नंबराची यादी वेगळ्या वहीत ठेवा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाही घराचा ग्राफ टाकू नका, आणि कोणी मध्येच "काढून टाका" म्हणालं तर कारण न विचारता सेन्सर काढा, त्यांचं रेकॉर्ड त्यांच्यासमोर डिलीट करा.

सेन्सर काढताना प्रत्येक जागेवर पेन्सिलने बारीक खूण करा आणि जमिनीपासून किती इंच ते वहीत लिहा. ऑक्टोबरमध्ये परत लावाल तेव्हा तो त्याच जागी लागला पाहिजे, नाहीतर मे आणि ऑक्टोबर यांची तुलना करता येत नाही.